तुटीचा जाब वेळेवर विचारावा

फैजपूरला २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. धनाजी नाना चौधरी आणि शंकरराव देव यांनी तयारीची धुरा वाहिली होती. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्या साध्या साहित्यातून अधिवेशनाचे टिळकनगर सजवले होते, तर मनमाडहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा पायी चालत तिथे पोचला होता. खान्देशात आजही या अधिवेशनाविषयी अभिमानाने बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण तिथे मंजूर झालेला शेतीविषयक कार्यक्रम फार थोड्यांच्या लक्षात असतो. शेतसारा आणि खंड कमी करावा, पोटापुरतेही न पिकवणाऱ्या लहान तुकड्यांना सूट द्यावी, शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज हलके करावे, शेतमजुराला जगता येईल इतकी मजुरी मिळावी, अशा मागण्या त्यात होत्या.

यातली जवळजवळ प्रत्येक मागणी कधी ना कधी सरकारच्या अंदाजपत्रकात उतरणार होती. सारा कमी केला की जमा घटते. सवलत दिली की खर्च वाढतो. दोन्ही एकदम केले की तूट येते, आणि ती कशी भरणार हे कोणीतरी विचारावे लागते. फैजपूरच्या ठरावानंतर वर्षभराच्या आत हा प्रश्न खराखुरा उभा राहिला. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले, अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे गेले आणि आश्वासने हिशेबाच्या वहीत लिहायची वेळ आली.

त्या मंत्रिमंडळाने काही शब्द पाळले. शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा आणि कुळांच्या संरक्षणाचा असे दोन कायदे १९३९ मध्ये झाले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. दारूवरचा अबकारी कर हा प्रांताच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा होता. तो सोडायचा तर खड्डा भरून काढायला हवा, म्हणून शहरातल्या स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसवला गेला. विरोधी बाकांवर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. दारू चांगली की वाईट, या वादात त्यांनी वेळ घालवला नाही. फेब्रुवारी १९३९ च्या अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरकारपुढे क्रम ठेवला: प्रांताकडे पैसा मोजका असताना एवढे उत्पन्न सोडून देणे अधिक तातडीचे, की शिक्षणासारख्या गरजा भागवणे अधिक तातडीचे? अंदाजपत्रकावर विरोधकांनी कसे बोलावे, याचा तो वस्तुपाठ आहे. हेतूवर शंका न घेता निवडीचा जाब विचारायचा.

बाबासाहेबांचा या विषयातला अधिकार मोठा होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचा विकास हा त्यांच्या कोलंबिया विद्यापीठातल्या प्रबंधाचाच विषय होता. १९३९ च्या त्या भाषणाआधी, १९२७ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात पहिल्यांदा अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यातला अन्याय दाखवला होता. प्राप्तिकर ठरावीक उत्पन्नाच्या वर लागतो, त्याखालच्या माणसाला तो भरावा लागत नाही; शेतकऱ्याला मात्र एकरभर जमीन असली आणि पीक बुडाले तरी सारा चुकत नाही. नऊ वर्षांनी फैजपूरच्या कार्यक्रमात लहान तुकड्यांना सूट देण्याची मागणी आली. राजकारणाच्या दोन निरनिराळ्या टोकांवर उभे असलेल्या लोकांनी सरकारच्या जमाखर्चात एकाच ठिकाणी बोट ठेवले होते.

या परंपरेची सुरुवात आणखी मागे जाते. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय कायदेमंडळात पहिल्यांदा अंदाजपत्रकावर बोलले. त्या वर्षी तूट नव्हती, शिल्लक होती आणि सरकार त्या शिलकीवर खूश होते. गोखल्यांनी त्या शिलकीलाच हात घातला. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळातून लोक नुकते सावरत असताना तिजोरीत पैसा उरतो, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त वसूल केले जाते, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले आणि मिठावरचा कर कमी करण्याची मागणी केली. त्या काळी सभासदांना अंदाजपत्रकावर मत देण्याचा हक्क नव्हता, पूरक प्रश्न विचारण्याचाही नव्हता; फक्त बोलता येत असे. तरी १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि प्राप्तिकराची किमान मर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. गोखल्यांच्या भाषणाने लोकांना एक गोष्ट शिकवली. शिल्लक आहे म्हणून सरकार चांगले आणि तूट आहे म्हणून वाईट, असा निकाल लावता येत नाही. पैसा कोणाच्या खिशातून आला आणि कशावर गेला, हे पाहावे लागते.

तुटीचे प्रकार

आज विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की ‘राज्य कर्जबाजारी झाले’ आणि ‘सगळे मर्यादेत आहे’ ही दोन्ही वाक्ये एकाच दिवशी ऐकू येतात. दोघेही खरे बोलत असू शकतात, कारण दोघे वेगवेगळ्या आकड्यांकडे पाहतात.

सरकारचा खर्च दोन भागांत मांडला जातो. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने, सवलती, दर महिन्याला थेट खात्यात जाणारी मदत हा महसुली खर्च. धरण, रस्ता, पूल, रुग्णालयाची इमारत हा भांडवली खर्च. कर, शुल्क आणि केंद्राकडून मिळणारा वाटा ही महसुली जमा. महसुली जमेपेक्षा महसुली खर्च जास्त झाला, तर जो फरक पडतो ती महसुली तूट. सरकारचा सगळा खर्च धरला आणि त्यातून कर्ज सोडून इतर सगळी जमा वजा केली, तर उरते ती राजकोषीय तूट. म्हणजे त्या वर्षी सरकारला साधारण किती उसने घ्यावे लागणार तो आकडा. या राजकोषीय तुटीतून जुन्या कर्जावरचे व्याज वगळले की प्राथमिक तूट मिळते. यंदाच्या निर्णयांमुळे किती कर्ज वाढले, हे त्यावरून कळते.

केळी उत्पादक शेतकऱ्याने ठिबक बसवायला कर्ज काढले, तर त्यातून पुढच्या हंगामाचे उत्पन्न उभे राहते. घरचा किराणा भरायला काढले, तर पुढच्या वर्षी किराणाही भरावा लागतो आणि हप्ताही. सरकारच्या बाबतीत पहिले कर्ज भांडवली खर्चासाठी असते आणि दुसरे महसुली तूट भरायला. म्हणून राज्यांच्या वित्तीय जबाबदारीच्या कायद्यांत दोन्हींवर लक्ष ठेवलेले आहे. केंद्राचा असा कायदा २००३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. महसुली तूट संपवावी आणि राजकोषीय तूट सकल राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवावी, हा त्यांचा गाभा.

आता महाराष्ट्राच्या दोन वर्षांचे आकडे पाहू. तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी २८ जून २०२४ रोजी २०२४-२५ चा अर्थसंकल्प मांडला. त्यात महसुली तूट २०,०५१ कोटी रुपये आणि राजकोषीय तूट १,१०,३५५ कोटी रुपये दाखवली होती. १० मार्च २०२५ रोजी त्यांनीच २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. एकूण खर्च ७,००,०२० कोटी, महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी रुपये.

२०२५-२६ च्या या आकड्यांवर सत्ताधारी बाजूचे म्हणणे असे की राजकोषीय तूट सकल उत्पन्नाच्या २.७६ टक्के होती, म्हणजे तीनच्या आत, आणि ९.३२ लाख कोटींचे कर्ज उत्पन्नाच्या १८.८७ टक्के होते, म्हणजे २५ टक्क्यांच्या मर्यादेच्या बरेच खाली. हे बरोबर आहे. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था मोठी आहे, कर्ज पेलण्याची तिची ताकदही मोठी आहे.

पण त्याच कागदावर दुसरा हिशेबही करता येतो. २०२४-२५ मध्ये राजकोषीय तुटीच्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे १८ रुपये महसुली तुटीचे होते. २०२५-२६ मध्ये ते सुमारे ३४ झाले. एका वर्षात कर्जाचा कल रोजच्या खर्चाकडे जवळजवळ दुपटीने झुकला. टक्केवारी मर्यादेत राहूनही तुटीचा पोत बदलतो तो असा. विरोधकांनी नेमके इथे बोट ठेवले तर अर्थमंत्र्यांना ‘मर्यादेत आहोत’ एवढे म्हणून बसता येत नाही. रोजच्या खर्चात काय वाढले, का वाढले आणि ते पुढच्या वर्षी कसे भागवणार, हे सांगावे लागते.

वेळ निघून गेल्यावर

तुटीचा जाब वेळेवरच का विचारावा, याचे उत्तर संविधानात आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते.

राज्याचे वार्षिक वित्तीय विवरणपत्र अनुच्छेद २०२ प्रमाणे विधिमंडळापुढे ठेवले जाते. त्यातला खर्च दोन प्रकारचा असतो. बहुतांश खर्च अनुदानाच्या मागण्यांच्या रूपाने येतो आणि विधानसभा त्यावर मत देते. ती मागणी मान्य करू शकते, कमी करू शकते, नाकारू शकते. काही खर्च मात्र एकत्रित निधीवर भारित असतो. त्यावर सभागृहात बोलता येते, मतदान होत नाही. राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन आणि राज्याच्या कर्जाचे व्याज व परतफेड या यादीत येतात.

याचा व्यवहारात अर्थ असा की आज एखाद्या योजनेसाठी कर्ज काढायचे ठरले, तर ती योजना सभागृहाच्या मताखाली आहे. उद्या त्या कर्जावरचे व्याज येईल तेव्हा ते मताबाहेर गेलेले असेल. नवे सरकार आले, जुना विरोधी पक्ष सत्तेवर बसला, तरी त्या व्याजातला एक रुपया त्याला नाकारता येणार नाही. ९.३२ लाख कोटींच्या कर्जावर सात टक्के दर धरला, तरी वर्षाचे व्याज ६५ हजार कोटींच्या आसपास जाते. एवढ्या रकमेवर पुढच्या विधानसभांचा हात चालत नाही. शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा यांचा वाटा त्यानंतर उरलेल्या पैशातून ठरतो.

विरोधक तुटीविषयी विचारतात तेव्हा ते पुढच्या सभागृहाचा, म्हणजे अजून मतदारही न झालेल्या मुलांचा, निर्णयाचा हक्क राखत असतात. म्हणून हा प्रश्न मार्चमध्ये, मागणी मताला टाकायच्या आधी विचारला गेला पाहिजे. तीन वर्षांनी महालेखापरीक्षकांच्या अहवालावर तो विचारला तर चूक कळते, पैसा परत येत नाही.

हत्यारे कोणती

वेळेवर विचारायचे तर साधनेही हवीत, आणि सभागृहाच्या नियमांत ती आहेत. अर्थसंकल्प मांडल्यावर आधी सर्वसाधारण चर्चा होते. तिथे धोरणावर बोलता येते. मग विभागवार मागण्या येतात. इथे कपात सूचना हे खरे हत्यार आहे. लोकसभेच्या नियमांत तिचे तीन प्रकार आहेत. धोरणच नापसंत असेल तर मागणी एक रुपयावर आणावी अशी सूचना. खर्च जास्त वाटत असेल तर ठरावीक रक्कम कमी करावी अशी सूचना. आणि एखादी तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपये कमी करावे अशी लाक्षणिक सूचना. बहुमत सरकारकडे असल्यामुळे या सूचना क्वचितच मंजूर होतात. झाल्या तर सरकारने सभागृहाचा विश्वास गमावला असे मानले जाते. मात्र सूचना देण्यासाठी सदस्याला नेमकी मागणी आणि नेमके कारण लिहून द्यावे लागते. ‘राज्य बुडाले’ अशी कपात सूचना देता येत नाही. अमुक विभागाच्या अमुक मागणीतून अमुक रक्कम का कमी करावी, हे लिहावे लागते. त्या शिस्तीतून प्रश्नाला धार येते.

याशिवाय तारांकित प्रश्न आहेत, त्यांवर मंत्र्यांना पूरक प्रश्नांची तोंडी उत्तरे द्यावी लागतात. लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. सभागृहाबाहेर समित्या काम करतात. लोकलेखा समिती झालेला खर्च तपासते. तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा लोकसभेत १९६७ पासून आहे. अंदाज समिती काटकसरीचे मार्ग सुचवते.

वेळ मात्र अपुरा पडतो. विभागांची संख्या मोठी, दिवस मोजके. ठरलेल्या शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. याला सभागृहात गिलोटिन म्हणतात. हजारो कोटींच्या मागण्या अशा काही मिनिटांत मंजूर होतात. गोंधळात वाया गेलेला प्रत्येक तास हा या यादीत एखादी मागणी वाढवतो. सभात्याग करणाऱ्या सदस्याने हे लक्षात ठेवायला हवे, आणि तास वाया जावा असे वागणाऱ्या सत्ताधाऱ्यानेही.

दुसरी पळवाट पुरवणी मागण्यांची. वर्षाच्या मध्यात अतिवृष्टी झाली, नवी गरज उभी राहिली, तर अनुच्छेद २०५ प्रमाणे पुरवणी मागणी आणता येते. ही सोय आवश्यक आहे. पण २८ जून २०२४ ला ६,१२,२९३ कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि ९ जुलैला, म्हणजे अकरा दिवसांनी, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. २०२५ मध्ये मार्चच्या अर्थसंकल्पानंतर जूनअखेरच्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या मागण्या मांडल्या गेल्या. पुरवणीतली प्रत्येक रक्कम तूट वाढवते असे नाही. काही रकमा केंद्राकडून येणाऱ्या निधीच्या असतात, काही नुसत्या एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात जातात. तरीही अकरा दिवसांत कोणती अशी गरज उभी राहिली जी अर्थसंकल्पाच्या भाषणाच्या दिवशी ठाऊक नव्हती, हा प्रश्न विचारण्याचा विरोधकांना पूर्ण हक्क आहे. अर्थसंकल्पाच्या भाषणात सांगितलेली तूट आणि वर्षअखेरीस होणारी तूट यांत अंतर पडते ते बरेचसे इथेच.

तापीकाठचे उदाहरण

खान्देशाला विरोधी बाकांची चांगली ओळख आहे. महाराष्ट्राने विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा कायदा १९७८ मध्ये केला. त्यानंतर १९७९-८० मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदी होत्या प्रतिभाताई पाटील, त्या वेळच्या एदलाबाद मतदारसंघाच्या आमदार. एदलाबादचे पुढे मुक्ताईनगर झाले आणि त्याच मातीतले एकनाथ खडसे २००९ ते २०१४ या काळात विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. फैजपूरपासून जवळच्याच या तालुक्याने राज्याला दोन विरोधी पक्षनेते दिले. खडसे यांनी १९९५ ते ९९ च्या युती सरकारात अर्थ आणि पाटबंधारे ही दोन्ही खाती सांभाळली होती. उत्तर देण्याच्या जागेवर बसलेला माणूस प्रश्न विचारायला उभा राहतो, तेव्हा कागद कुठे पाहायचा हे त्याला ठाऊक असते. सत्तांतराचा लोकशाहीला होणारा हा मोठा फायदा आहे.

खडसे विरोधी पक्षनेते असतानाचे सर्वांत गाजलेले प्रकरण सिंचनाचे. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत एक आकडा होता: दहा वर्षांत एकूण पिकांखालील क्षेत्रातले सिंचित क्षेत्राचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढले. त्याच काळात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्च झाल्याचे सांगितले जात होते. आर्थिक पाहणी हा सरकारचाच दस्तऐवज, अर्थसंकल्पाच्या आधी सभागृहात ठेवला जाणारा. विरोधकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवले. विधानसभेत खडसे आणि विधान परिषदेत विनोद तावडे यांनी तो विषय सोडला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. नोव्हेंबरअखेरीस सरकारने सिंचनाची श्वेतपत्रिका काढली, तिच्यात वाढीचा बराच मोठा आकडा मांडलेला होता. डिसेंबरमध्ये पवार पुन्हा मंत्रिमंडळात आले आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले गेले. दोषी कोण, याचा निकाल लावणे हे न्यायालयाचे काम. सभागृहाच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट अशी की सरकारला आपला हिशेब पुन्हा लोकांपुढे मांडावा लागला.

भांडवली खर्चाचेही कौतुक डोळे मिटून करू नये, हे या प्रकरणाने दाखवले. धरणावर पैसा गेला म्हणजे पाणी शेतात पोचलेच असे नाही. अमळनेर तालुक्यातले पाडळसे येथील निम्न तापी धरण घ्या. मूळ मान्यता दीडशे कोटी रुपयांच्या आतली. डिसेंबर २०२३ मध्ये मिळालेली सुधारित मान्यता ४,८९० कोटींची. महागाई, भूसंपादन, पुनर्वसन, आराखड्यातले बदल अशी अनेक कारणे असतात. पण सर्वांत जुने कारण म्हणजे दरवर्षी थोडाथोडा निधी. काम सुरू होते, पुरेसे पैसे येत नाहीत, काम रेंगाळते, दर वाढतात, मग आणखी पैसे लागतात. महसुली खर्च वाढला की सरकारला कात्री लावायला सर्वांत सोपी जागा भांडवली कामेच सापडते, कारण पगार थांबवता येत नाही आणि व्याज तर मताबाहेर. मुंबईत झालेली महसुली तूट तापीकाठी अर्धवट धरण होऊन दिसते ती या वाटेने.

आकड्याबाहेरचे ओझे

तुटीचा जाहीर आकडा पूर्ण चित्र दाखवत नाही. सरकारचे हिशेब रोख पद्धतीने लिहिले जातात. पैसे दिले तेव्हाच खर्च नोंदला जातो. कंत्राटदाराने रस्ता पूर्ण केला आणि त्याचे बिल थकवले, तर त्या वर्षीच्या तुटीत ते दिसत नाही. राज्यभरातल्या कंत्राटदारांनी २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी आंदोलने केली, ती याच अदृश्य तुटीची खूण. महामंडळे आणि सहकारी संस्थांच्या कर्जाला राज्य हमी देते. संस्थेने कर्ज फेडले नाही तर बोजा राज्यावर येतो, पण तोवर तो तुटीत मोजला जात नाही. केंद्राने राज्यांच्या अर्थसंकल्पाबाहेरच्या कर्जांवर अलीकडे नजर ठेवायला सुरुवात केली ती यासाठीच. केंद्राचे कर्ज बाकी असलेल्या राज्याला नवे कर्ज काढायला अनुच्छेद २९३ प्रमाणे केंद्राची संमती लागते.

अशी लपलेली तूट शोधणारा विरोधी पक्ष किती प्रभावी ठरू शकतो, याचे उदाहरण जर्मनीत घडले. करोनासाठी मंजूर झालेले ६० अब्ज युरोचे न वापरलेले कर्जाधिकार सरकारने हवामान निधीत वळवले. विरोधी ख्रिश्चन डेमोक्रॅट गटाच्या १९७ खासदारांनी घटना न्यायालयात दाद मागितली आणि १५ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. पुढे अर्थसंकल्पाच्या वादातूनच ते आघाडी सरकार नोव्हेंबर २०२४ मध्ये कोसळले. आपल्याकडे वित्तीय जबाबदारीच्या कायद्यांना एवढे दात नाहीत. म्हणून सभागृहातल्या प्रश्नावरच जास्त भिस्त ठेवावी लागते.

विरोधकांकडूनही अपेक्षा

तुटीवर टीका करणाऱ्या पक्षानेही आपले घर नीट ठेवले पाहिजे. एकाच भाषणात ‘राज्य कर्जात बुडाले’ आणि ‘सरसकट कर्जमाफी द्या’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो. २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली. महिन्याला १,५०० रुपये, वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज. निवडणुकीच्या प्रचारात विरोधकांनी त्याहून मोठी रक्कम देण्याचे आश्वासन दिले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले गेले. गरीब बाईच्या हातात थेट पैसा जाणे ही चांगली गोष्ट आहे, तिचा घरातला मान त्याने वाढतो. तिच्यासाठीच प्रामाणिकपणे विचारायला हवे की हे पैसे कायम कुठून येणार. कर वाढवून, दुसरा खर्च कमी करून, की दरवर्षी कर्ज काढून? बाबासाहेबांनी १९३९ मध्ये मांडलेली क्रमाची कसोटी इथेही लागू पडते, आणि ती सत्ताधाऱ्यांइतकीच विरोधकांनाही लागू पडते.

संख्याबळाचा प्रश्नही आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाला २०, काँग्रेसला १६ आणि राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाला १० जागा मिळाल्या. दहा टक्के सदस्यांच्या प्रथेवरून वाद झाला आणि मार्च २०२५ मध्ये सात लाख कोटींचा अर्थसंकल्प विधानसभेत आला तेव्हा तिथे मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता. विरोधी पक्षनेत्याला चर्चेत अग्रक्रम मिळतो, माहिती मागण्याचे बळ मिळते. ते पद रिकामे असले की सर्वांत मोठे नुकसान होते ते हिशेब विचारण्याच्या कामाचे. दहा आमदारांचा पक्षही गोखल्यांपेक्षा बळकट आहे, कारण त्याच्याकडे मत आहे. मात्र त्याने अभ्यासही गोखल्यांच्या तोलाचा केला पाहिजे.

आपण काय विचारावे

हे सगळे आमदार-खासदारांवर सोडून भागत नाही. अर्थसंकल्पाची पुस्तके आता वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात, सभागृहातली कामकाजाची कागदपत्रे विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात. फैजपूर-यावलच्या महाविद्यालयातला अर्थशास्त्राचा विद्यार्थी, केळी उत्पादकांच्या संघटनेचा कार्यकर्ता, बचत गटाची अध्यक्ष, गावातला पत्रकार यांनी दरवर्षी मार्चमध्ये आपल्या आमदाराला पाच प्रश्न लेखी विचारावेत. तो कोणत्या बाकावर बसतो याने फरक पडत नाही.

यंदाच्या कर्जातला किती भाग रोजच्या खर्चावर जाणार? आपल्या भागातल्या प्रकल्पाला मागच्या वर्षी किती तरतूद होती, प्रत्यक्षात किती मिळाली आणि किती खर्च झाली? पुरवणी मागण्यांत असे काय आले जे अर्थसंकल्पात घालता आले असते? आपल्या जिल्ह्यात शासनाकडून किती बिले थकली आहेत? आणि ज्या मागणीवर तुम्ही हात वर केला, तिच्यावर सभागृहात चर्चा झाली होती का?

या पाच प्रश्नांची उत्तरे छापील कागदांत शोधता येतात, त्यामुळे टाळाटाळ लगेच उघडी पडते. आमदाराला माहीत झाले की मतदारसंघात कोणीतरी आकडे वाचते, तर तो मुंबईत विभागाच्या मागण्यांच्या दिवशी हजर राहील, अधिकाऱ्यांकडून माहिती मागवील, कपात सूचना लिहील. १९३६ मध्ये फैजपूरला जमलेल्या शेतकऱ्यांकडे मतदानाचा पूर्ण हक्कही नव्हता. त्यांनी मागण्या केल्या आणि त्यांतल्या काही तीन वर्षांत कायद्यात उतरल्या. आपल्याकडे मत आहे, कागद आहेत आणि पाठवायला प्रतिनिधी आहे. कर्ज व्याजात बदलून मताबाहेर जाण्याआधी त्या प्रतिनिधीला बोलायला लावणे हे आता आपले काम आहे.